स्वयंपाकघरापुढची वेल

पालिकेच्या तपासनिसाचं काम म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. वाढलेलं गवत कापायला लावलं की घरमालक शिव्या घालणार, नाही लावलं तर शेजारी. दोन्हीकडच्या शिव्या खाऊन त्याचं पोट कधीच भरलं होतं. संध्याकाळी बायको त्याच्या पायमोज्यांतली कुसळं उपटत म्हणायची, "लोकांची अंगणं घरी आणत जाऊ नका."

आजचं शेवटचं घर पुन्हा तेच होतं. दोन भावांनी शेजारीशेजारी बांधलेली दोन घरं. भाऊ गेले, मागे राहिल्या जावा. थोरलीचं अंगण आरशासारखं लख्ख. धाकटीकडे गवत कमरेला लागत होतं, फाटक एका बिजागरीवर लोंबत होतं, आणि वेल भिंतीवरून छपरावर पोचली होती. थोरली दर महिन्याला न चुकता तक्रार करायची.

आधी तो तिच्याकडेच गेला. "एकदाचं सगळं साफ करून घेतो, मावशी. म्हणजे तुम्हीही सुटाल आणि मीही."

"गवताचं मला काय करायचंय? फक्त तिच्या स्वयंपाकघरापुढची वेल काढा."

"एवढीच?"

"सकाळी तिथला दिवा लागला की मला कळायचं, उठली. आता काही दिसत नाही. एकटी असते. रात्री कुठे पडली-झडली तर मला कोण सांगणार?"

"मग जाऊन विचारा की. चार पावलांवर तर आहे."

"बोलणं नाही आमचं. भावजी गेले तेव्हा मी चारचौघांत म्हणाले, हिनं वेळेवर डॉक्टरकडे नेलं नाही. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्याचा गुडघा ठणकत होता. असल्या भानगडीत पडायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं. तरी तो गवत तुडवत धाकटीच्या दाराशी गेला.

"गवत काढा, फाटक काढा, हवं तर घर काढा," दार उघडताच ती म्हणाली. "माझ्यानं आता काही होत नाही." मग त्याचा हात वेलीकडे गेलेला पाहून म्हणाली, "तेवढी वेल राहू द्या. पलीकडे जाऊबाई असतात. त्यांना माझं तोंड बघायचं नाही. म्हणून तर वाढू दिली."

तो पायरीवरच बसला. मालकीण तयार नाही, असं कळवून घरी जाता आलं असतं. पुढच्या महिन्यात पुन्हा हीच तक्रार, हीच पायरी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणारे त्याला रोज भेटत. इथे मात्र दोघी आपापलं मुसळ उराशी धरून बसल्या होत्या. त्याला फार वाईट वाटलं.

तक्रारदाराचं नाव सांगायचं नाही, हा खात्याचा नियम. त्यानं तो आजवर मोडला नव्हता.

"तक्रार त्यांनीच केलीय," तो म्हणाला.

"दुसरं कोण करणार?"

"पण गवताची नाही, वेलीची. तुमचा सकाळचा दिवा दिसत नाही म्हणून. तुम्ही उठलात की नाही, ते कळत नाही म्हणतात."

धाकटी आत गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात विळा होता.

"माझा हात वर पोचत नाही," ती म्हणाली.

लोकांना कापायला लावण्यात त्याचा जन्म गेला, पण स्वतः विळा कधी धरला नव्हता. खिडकीपुरती वेल काढेपर्यंत तो घामाघूम झाला. मग धाकटी आत गेली, आणि स्वच्छ ऊन असताना स्वयंपाकघरात दिवा लागला.

पलीकडे थोरली दोरीवरचे कपडे काढत होती. हातातली चादर तशीच धरून ती बघत राहिली. मग चादरीनंच डोळे पुसले.

"दिवसाढवळ्या दिवा जाळतेय वेडी," ती म्हणाली, पलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात.