ओट्यावरचे पाढे

उद्धवची मुलाखत छापून आली की त्यात एक प्रश्न ठरलेला असतो. आवाज कसा कमावला? आणि उत्तरही ठरलेलं. "लहानपणी आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं पाढे म्हणायचो." वाचणाऱ्याला बरं वाटतं. पोरांना पाढे घोकायला लावणारे बाप तर फारच खूश होतात. उत्तर खरं आहे, त्यात एका अक्षराची लबाडी नाही. पण तो पाढे का म्हणायचा, हे कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. मी त्याची मोठी बहीण, सुमंगला. मी सांगते. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. ते कसं उरलं नाही, तेच सांगायचंय.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून पायी तासाभराचं. वडील, म्हणजे नाना, गावच्या शाळेत गुरुजी. व्यंकटराव गुरुजी समोरून आले की गाडीवान बैलगाडीतून खाली उतरून नमस्कार करायचा. नानांनी शाळेत कधी छडी हातात धरली नाही, आणि या गोष्टीची तालुक्यात तारीफ होती. त्यांचा हात फक्त घरी चालायचा, आणि तोही फक्त आईवर.

त्यालाही शिस्त होती. आधी नाना चष्मा काढायचे. धोतराच्या सोग्यानं काचा पुसायचे, सावकाश, एकीनंतर दुसरी. मग चष्मा पत्र्याच्या डबीत ठेवायचे. डबीचं झाकण स्प्रिंगचं होतं. टप्प! तो आवाज झाला की आम्ही तिघं आपापल्या कामाला लागायचो. आई डावा हात कोपरात मोडून डोक्यावर घ्यायची आणि तोंड भिंतीकडं करायची. मी रेडिओचा कान पिळायचे. परभणी केंद्रावर शेतीचा कार्यक्रम असो की भजन, वेशीपर्यंत ऐकू जायचं. उद्धव पळत ओट्यावर जायचा, नाना आतून दार लावायचे, आणि बाहेर सुरू व्हायचं, "सत्तावीस एके सत्तावीस, सत्तावीस दुणे चोपन्न..."

शेजारच्या चतुराबाई नानांना थांबवून म्हणायच्या, "गुरुजी, तुमचं पोरगं काय खणखणीत म्हणतंय वो! आमच्याला तर दोनाचा येत न्हाई."

नाना हसायचे. "सवय लावावी लागते."

आईनं आम्हाला एकदाच सांगितलं होतं, "बाहीर काई जाऊ द्यायचं न्हाई बघा, लेकरांनो." तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. गावाला अक्षरं शिकवणाऱ्या गुरुजींच्या बायकोला सहीपुरतं लिहिता येत होतं. पण गावातल्या प्रत्येक हळदीकुंकवात पहिलं कुंकू नर्मदाबाईंना लागायचं. नव्या नवऱ्या तिच्या पाया पडायला आणायच्या आणि सासवा म्हणायच्या, "नशीब मागून घे गं यांच्यासारखं." हे ऐकताना आई अशी सरळ बसायची की बघत राहावं. त्या एका गोष्टीवर ती जगत होती. तो मान गेला की आपण संपलो, अशी तिची खात्री होती. म्हणून गालावर निळं उमटलं की ती न्हाणीत घसरलेली असायची.

"नर्मदाबाई, एवढं शेवाळ झालंय तर गुरुजीला म्हणावं न्हाणी घासा एकदा," चतुराबाई म्हणायच्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसायच्या. आईही हसायची. ओठ फाटलेला असला तर जरा बेतानं.

अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून मराठवाडा पेटला. वस्त्यांवर काय गुदरलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यापुढं आमच्या चार भिंतींतलं काय घेऊन बसायचं, असं मलाही वाटतं. पण शाळा बंद, एस.टी. बंद, आणि नाना आठ दिवस घरात. डबी दिवसातून दोनदा वाजायला लागली. उद्धव तेव्हा चौदाचा. ओठावर मिसरूड आलेला घोडा ओट्यावर बसून पाढे म्हणतोय म्हटल्यावर लोकांना शंका आली असती. मग त्यानं पाढे सोडले आणि नकला सुरू केल्या. भरलेल्या गाडीत बायकांना "सरका मावशी, सरका" करणारा कंडक्टर. मंगलाष्टकं म्हणता म्हणता दक्षिणेकडं डोळा ठेवणारे भटजी. गावचे तात्याराव, तहसीलदारापुढं एका आवाजात आणि गड्यापुढं दुसऱ्या. कामधंदा नसलेली माणसं ओट्याभोवती जमायला लागली. हसून हसून बेजार. आत काय चाललंय हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं. उद्धवचे पहिले प्रयोग असे झाले, आणि गर्दी होती.

संध्याकाळी आई चुलीपुढं बसून विचारायची, "लय हसले का रे आज लोकं?"

"लय हसले."

"मंग झालं," ती म्हणायची.

पुढचं मुलाखतींत असतंच. परभणीचं कॉलेज, गॅदरिंग, नाटकांच्या स्पर्धा, आणि एक दिवस पिंगळीच्या स्टेशनावरून पत्र्याची पेटी घेऊन मुंबई. आठ वर्षं तो टीव्हीवर हवालदार झाला, पोस्टमन झाला, एकदा तर चादरीखालचं प्रेत झाला. बोलायला वाक्य मिळालं की पत्र यायचं. नाना पत्र वाचून बाजूला ठेवायचे. "तोंडाला रंग फासून पोट भरणार म्हणे."

मग चौऱ्याण्णवच्या जानेवारीत पत्र आलं. मोठं काम मिळालं होतं. तेरा भागांची मालिका, दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला. उद्धव त्यात अप्पासाहेब. कॉलेजचे प्राचार्य, शहरात मान असलेले गृहस्थ. शेवटी लिहिलं होतं, "नानांना सांगा."

प्राचार्य हा शब्द नानांनी दोनदा वाचला. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, घरी टीव्ही आला होता, पण त्यावर त्यांनी बातम्यांपलीकडं काही लागू दिलं नव्हतं. आता ते स्वतः गल्लीतून सांगत फिरले. आईला म्हणाले, "हळदीकुंकू गुरुवारीच ठेवा. सगळ्याजणी येतील, बघतील."

विद्यापीठाचं नाव बदललं त्या संक्रांतीच्या पुढचा हा गुरुवार. बंदोबस्तामुळं एस.टी.चा भरवसा नव्हता. मी मानवतहून दोन जीपगाड्या बदलून माहेरी आले, तर घर बायकांनी भरलेलं. टीव्हीवरचं विणलेलं फडकं काढून आईनं त्याला कुंकवाचं बोट लावलं होतं. चतुराबाई सगळ्यात पुढं, मांडीवर तिळगुळाची पुडी. मागं गल्लीतल्या केशरबाई आणि पंधरा-वीस जणी. नाना एकटेच खुर्चीवर, धुतलेल्या टोपीत.

मालिकेच्या नावाची पाटी आली, गाणं आलं, आणि मग उद्धव आला. कानाजवळ पांढरं लावलेलं, बंद गळ्याचा कोट, डोळ्यांवर चष्मा. हात मागं बांधून चालला.

"आगं बया!" चतुराबाई ओरडल्या. "हे तर गुरुजीच चालायलेत!"

सगळ्या हसल्या. नानाही हसले, खुर्चीत जरा सरळ झाले. मी आईकडं बघितलं. ती करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत होती, पण डोळे टीव्हीवर. लेकाचं कौतुक तिच्या तोंडावर मावत नव्हतं.

गोष्ट साधीच होती. अप्पासाहेबांकडं पाहुणे आलेत. अप्पासाहेब एका पुस्तकाबद्दल बोलतायत. बायको चहा देता देता सहज म्हणते, "अहो, ते तर तुम्ही अजून उघडलंच नाही." पाहुणे हसतात, अप्पासाहेब त्यांच्याहून मोठ्यानं हसतात. पाहुणे जातात. बायको कपबशा गोळा करते.

उद्धवनं चष्मा काढला.

कोटाच्या खिशातून रुमाल काढून तो काचा पुसायला लागला. सावकाश. एक पुसली, मग दुसरी. तोंडावर राग नाही, काहीच नाही. बायको पाठमोरी. त्यानं टेबलावरची डबी उघडली, चष्मा ठेवला.

टप्प.

भाग तिथंच संपला. चित्र थांबलं, गाणं सुरू झालं. अप्पासाहेब मारणार आहेत, असं त्या भागात कुणी म्हटलेलं नव्हतं. कुणी हात उचललेला नव्हता. घरातल्या एकाही बाईला काही कळायचं कारण नव्हतं.

पण माझ्या कानांत गाणं एकदम फाटल्यासारखं मोठं वाजायला लागलं. बघते तर मी टीव्हीपुढं उभी, आणि माझाच हात आवाजाच्या बटणावर. मी कधी उठले, कधी पिळलं, मला माहीत नाही. तेहतीस वर्षांची, दोन लेकरांची आई मी.

मागं काहीतरी पडलं. मी वळले.

आई भिंतीकडं तोंड करून उभी होती. मान खांद्यात गेलेली, डावा हात कोपरात मोडून डोक्यावर. करंडा खाली, आणि कुंकू सगळीकडं. फरशीवर, तिच्या पातळावर, समोर बसलेल्या केशरबाईच्या मांडीवर.

मी आवाज बंद केला. बायका टीव्हीकडं बघत नव्हत्या. आईकडं बघत होत्या. मग एकेक मान नानांकडं वळली. नानांचा हात चष्म्याच्या दांडीवर होता. पुसायलाच घेतला असेल, किंवा नुसता गेला असेल. एवढे डोळे आपल्या हातावर आहेत हे कळल्यावर त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

आईनं कोपर खाली केलं. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. तीस वर्षं तिनं, मी, उद्धवनं मिळून जे झाकलं होतं ते तिच्याच हातानं उघडं पडलं होतं, आणि तेही हळदीकुंकवात.

"न्हाणीत..." ती म्हणाली आणि थांबली.

चतुराबाईंच्या हातातला तिळगुळ तसाच होता. त्या कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "आन् आमाला वाटायचं, पोरगं पाढे म्हणायलंय."

कुणी हसलं नाही. त्या उठल्या. फरशीवरचं चिमूटभर कुंकू उचललं आणि आईच्या कपाळाला लावलं. दरवेळी लावायच्या तसंच, पण जरा जास्त दाबून. मग एकेक बाई पुढं आली. कुणी वाण मागितलं नाही. लावून बाहेर गेल्या.

त्या गेल्या असं मला वाटलं. नानांनाही तसंच वाटलं असणार. ते खुर्चीतून उठले.

"नालायक! बापाची इज्जत विकून खायला गेला तो मुंबईला. आणि तू..." त्यांचा हात चष्म्याकडं गेला. चष्मा निघाला. सोगा हातात आला.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी खोकलं.

दार सताड उघडं होतं. ओट्यावर चतुराबाई बसल्या होत्या, शेजारी केशरबाई, खाली पायरीवर आणखी पाच-सहा जणी. पदर डोक्यावर, हात मांडीवर. निघत नव्हत्या. त्या ओट्यावर इतकी माणसं आणि एकाचाही आवाज नाही, असं मी जन्मात बघितलं नव्हतं.

नाना काचा पुसत राहिले. पुसून झाल्या तरी पुसत राहिले. डबी खिशात होती. त्यांनी दाराकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खुर्चीत बसले.

आई अजून उभीच होती, पातळावर कुंकू तसंच. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा मला दार लाव म्हणेल. मी दाराकडं निघालेही.

"राहू दे," ती म्हणाली. "वही घे. उद्धवला पत्र लिव्हायचंय."

"आत्ता?"

"आत्ता."

मी खाली बसून वही उघडली. तारीख दोनदा चुकली. आई माझ्यासमोर बसली, दाराकडं तोंड करून.

"लिव्ह. काम चांगलं करायलास. चालणं, बोलणं, समदं बराबर. चष्म्याचं बी बराबर." "पण एक राहिलं. डबी वाजल्यावर आदी दार लावायचं आसतंय. दार उघडं ठिवून कुणी मारत न्हाई."

ती हे हळू बोलत नव्हती. वर्गात धडा वाचून दाखवावा तेवढ्या आवाजात बोलत होती. खुर्ची करकरली. नानांची मान खाली होती, डोळ्यांवर चष्मा होता.

"आई, हळू सांग ना," मी कुजबुजले. "बायका बाहेरच हायत."

"ठावं हाय मला."

ओट्यावरून चतुराबाईंचा आवाज आला, त्यांचा वाटू नये इतका हलका. "नर्मदाबाई, आजून काय काय राहिलंय वो त्याचं?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. कुंकू गालभर पसरलं.

"लय राहिलंय," ती म्हणाली. "आत या. बसा."