टाकी नसलेला डबा

"वहिनी, फोन उचला आणि दादाला सांगा, विमान हलवायचं नाही! आत्ताच्या आत्ता!"

"भाऊजी, आवाज खाली. हे वर्कशॉप आहे, तुमचं घर नाही. आणि घरी तरी मी कुठे ऐकून घेते?"

वहिनी इथल्या मुख्य तपासनीस. त्यांच्या सहीशिवाय इथून साधा स्क्रूसुद्धा बाहेर जात नाही. ओरडणारा त्यांचा धाकटा दीर, टेस्टिंगवाला. भडक डोक्याचा, पण नजर घारीची. दुपारचे सव्वातीन झाले होते. खिडकीतून समोरच विमान दिसत होतं, इंजिनांवर लाल झाकणं घातलेलं. चार वाजता दादा ते चाचणीसाठी वर नेणार होता. विजेच्या नव्या जुळ्या डब्यांपैकी एक कालच विमानाच्या पोटात बसवला होता. दुसरा इथे टेबलावर.

डब्याचं काम एकच. इंजिन कधी हळू फिरतं, कधी जोरात, म्हणून त्याची वीज कधी साडेतीनशे हर्ट्झची, कधी सातशेची. डब्याने तिला धरून कायम चारशेवर आणायचं. जुने डबे ती आधी कपॅसिटरमध्ये साठवायचे, टाकीत पाणी भरावं तशी. म्हणून स्विच बंद केला तरी लगेच हात लावायचा नाही. सगळे म्हणायचे, 'पाच मिनिटं थांब, जीव जाऊ दे.' नव्या डब्यात टाकीच नाही. इकडून आली, तिकडून गेली. वायर काढली की त्याच क्षणी खेळ खलास.

पण मेली सवय! काल पहिल्या डब्याची वायर काढून हा पठ्ठ्या जीव जाऊ दे म्हणून चहाला गेला, आणि परत येऊन 'लगेच बंद होतो' या रकान्यात टिक ठोकली. आज घाईत होता, म्हणून गेला नाही. आणि तिथेच कळलं.

"काय कळलं?"

"वायर काढली तरी गुणगुणतोय."

"राहिला असेल थोडा जीव."

"कुठे राहील? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

वहिनी टेबलाशी आल्या. दोन्ही वायरी हवेत लोंबत होत्या. डबा बाटलीत अडकलेल्या माशीसारखा गुणगुणत होता.

"हे मीटर कशाला लावलंय?"

"आत येणाऱ्या विजेला."

"पण आत काही येतच नाहीये."

"तेच तर मगाचपासून बोंबलतोय!"

मीटरवर तीनशे साठ. मग तीनशे ऐंशी. थोडा वेळ तिथेच. मग पाचशे, सहाशे, सातशे दहा. वीस वर्षं इंजिनं ऐकलेल्या वहिनींना सांगावं लागलं नाही. विमान उडताना इंजिन असंच चढतं. दोघांनी एकदमच खिडकीबाहेर पाहिलं. लाल झाकणं जागच्या जागी. पंखाखाली दादा बाटलीतून पाणी पीत उभा.

"मगाशीही असंच झालं, दोनदा," पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "चढतो, मग अकरा मिनिटं सहाशे चाळीस. आणि मग..."

"मग काय?"

"तुम्हीच बघा."

वहिनी थांबल्या. पापणी न हलवता अकरा मिनिटं मीटर बघत राहिल्या. सहाशे चाळीस. सहाशे चाळीस. शून्य.

आकडा उतरला नाही, घसरला नाही. एकदम शून्य. कोणी तोंडावर हात दाबावा तशी गुणगुण बंद.

त्या शांततेत बाहेर इंजिनाची शिट्टी सुरू झाली. झाकणं कधी काढली, दोघांनाही कळलं नव्हतं. दादाला उशीर खपायचा नाही, तो अर्धा तास आधीच निघाला होता. आणि टेबलावर, वायरी लोंबत असताना, डबा परत बोलू लागला. तीनशे साठ. आता आतला आणि बाहेरचा सूर एकच होता.

वहिनींनी फोन लावला. "उचलत नाहीत. कानावर हेडफोन असणार."

"टॉवरला सांगा!"

"काय सांगू? डब्याला अजून न झालेल्या उड्डाणाची स्वप्नं पडतायत म्हणून?"

"सांगा, मी काल खोटी टिक केली. नोकरी गेली खड्ड्यात!"

त्यांनी नंबर फिरवला. लाइन बिझी. मीटर तीनशे ऐंशीवर गेलं आणि बाहेर विमानाची चाकं हलली.

"तुम्ही लावत राहा. मी फाटकाकडून धावपट्टीवर जातो."

"अहो भाऊजी, तिकडे..."

"नाही वहिनी, आता काही बोलू नका. मला निघायलाच हवं."