आरतीला वाजलेली चर्चची घंटा

मी घंटा बोलतेय, अमेरिकेतल्या पिस्कॅटवेजवळच्या एका जुन्या चर्चची. मराठी मंडळातल्या यामिनीला वाटलं होतं, माझा आवाज ऐकून शेजारचे म्हातारे हसत, हात हलवत येतील. ते आले, पण टोप्या काढून, उतरलेल्या चेहऱ्यांनी. डोरथीबाई तर अनवाणीच रस्ता ओलांडून आल्या.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

आत मराठी मंडळाची आरती चालली होती. टाळ्या एकेक करून थांबल्या.

इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी हे गाव वसवलं, तेव्हा मला ओतलं. कोणी वारलं की त्याच्या वयाइतके ठोके मी द्यायचे. माणसं हातातलं काम सोडून मोजत उभी राहायची. ठोके थांबले की कोण गेलं ते कळायचं. एरवी माझ्या दोराला कुणी हात लावत नसे. पुढे मक्याच्या शेतांवर टाउनहाउस उभी राहिली, मुलं लांब गेली, चर्च बंद पडलं. इमारत मंडळानं घेतली तोवर माझा दोर कुजला होता.

यामिनी इथंच वाढलेली. ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकून परतली ती जुन्या गावांच्या आठवणी जपायचं वेड घेऊन. गावाचा आवाज गावाला परत द्यायचा, म्हणून तिनं नवा दोर बांधला. आणि देवळात शिरावं तसं येणाऱ्या प्रत्येकानं मला वाजवलं.

समोरच्या घरात डोरथीबाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला. तो ते ठोके मोजत होता.

मंडळाचे अध्यक्ष गिरीशकाका शेजाऱ्यांची माफी मागून आले ते तापलेलेच. कंप्लेंट झाली तर हॉलची परवानगी जाईल. उद्या सकाळीच घंटेचा लोलक काढून टाकायचा, म्हणाले.

"काका, मग ती नुसती शोपीस होईल."

"शोपीस परवडली. तुझा रिसर्च आम्हाला भोवला ना!"

यामिनी डोरथीबाईंच्या मागोमाग गेली. बाई रागावल्या नाहीत. "नवरा जाईल तेव्हा घंटा वाजवायला कोणी उरलं नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो," एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

सकाळी काका शिडी घेऊन आले. मी थिजून गेले. मला गप्प ठेवा, वर्षानुवर्षं ठेवा. पण माझी जीभ काढू नका.

यामिनी दोर धरून उभी होती. आरतीला झांजा पुरेत, दोर कुलपात राहील, ती म्हणाली. "जुन्या गावातलं कोणी गेलं तरच ही वाजेल. आणि मी वाजवीन."

काकांनी शिडी उचलून पुन्हा खांद्यावर घेतली. "किल्ली हरवलीस तर बघ," म्हणाले.

मग ती रस्ता ओलांडून गेली, डोरथीबाईंचं दार वाजवलं आणि म्हणाली, "दोन ठोक्यांच्या मध्ये किती थांबायचं, ते मला शिकवा."