एकाहत्तर घोडे आणि एक किटली दूध

मित्रांनो, मी कडावच्या दूध डेअरीचा एक जुना डिझेल ट्रक आहे. माझं डावं दार दोरी बांधल्याशिवाय बंद राहत नाही. तरी एका जागी उभं राहणं मला कधी जमलं नाही. किल्ली फिरली की अंगभर थरथर सुटते.

सतरा वर्षं जगदीशदादाने मला दूध घेऊन खोपोलीला नेलं. सुरुवातीला सगळे माझं कौतुक करायचे. मग डेअरी चालवणाऱ्या वनिताताईंच्या धाकट्या भावाने, अक्षयने, नवा ट्रक आणला आणि मी नकोसा झालो. शेवटी ताईंनी ठरवलं, जो जोरदार ठरेल त्याला दुधाची फेरी. मी कमी पडलो तर भंगारात जाणार होतो.

खोपोलीच्या एका गॅरेजात गाडीची ताकद मोजायचं यंत्र आहे. गाडी पट्ट्यांनी जखडतात आणि मागची चाकं फिरत्या रुळांवर पळवतात. जीव तोडून पळायचं आणि तसूभर पुढे जायचं नाही! माझी नुसती तगमग झाली. पण कागद आला तेव्हा माझ्यात एकाहत्तर घोड्यांची ताकद निघाली आणि नव्या ट्रकात सहासष्टांची. गेल्या वर्षी दादाने स्वतः उभं राहून माझं इंजिन बांधून घेतलं होतं, त्याचं ते फळ.

अक्षयला ते पटेना. कागदावरचे घोडे रस्त्यावर पळवून दाखवा, म्हणाला. खालापूरजवळ एका बंद पडलेल्या औद्योगिक वसाहतीत सरळ, मोकळा रस्ता आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन जातानाच तिथे थांबलो. भरलेले कॅन कडेला उतरवले. चारशे मीटर पळायचं होतं.

मी रात्रभर या घटकेची वाट पाहिली होती. ताईंनी रुमाल खाली केला. अक्षयचा ट्रक उसळून निघाला आणि आमच्या दादाने, झोपलेलं लेकरू उचलावं तसा, हळूच क्लच सोडला. मला इतका राग आला! सगळे एकाहत्तर घोडे आतल्या आत खूर आपटत होते. अक्षयला तेवीस सेकंद लागले, मला सत्तावीस.

"दादा, तुमचे घोडे गेले कुठं?" ताईंनी विचारलं.

"मागं दूध हाय, ताई." दादा खाली मान घालून म्हणाला. "एक किटली उतरवायची राहिली. झाकण हरवलंय तिचं, फडकं बांधलंय. निघताना आरशात दिसली."

"मग थांबायचं नाय का?"

"थांबलो असतो तर अक्षय म्हणला असता, जगदीश घाबरला."

ताई माझ्या हौद्यात चढल्या. केबिनला लागून, जादा चाकाच्या आड, किटली गळ्यापर्यंत भरलेली होती. त्यांनी फडक्यावरून हात फिरवला. ते कोरडं होतं.

"अक्षय, कॅन चढव रं," त्या म्हणाल्या. "यातच."

मित्रांनो, मला अजूनही एकदा सुसाट पळून बघायचं आहे, खोटं कशाला बोलू? दादावरचा राग मात्र त्या दिवशीच गेला. माझं तेलपाणी वेळेवर बघा, एवढंच मागतो. आणि कुणी सावकाश चालला म्हणून त्याला भंगारात काढण्याआधी, त्याच्या पाठीवर काय आहे ते जरा चढून बघा.