स्वस्तातली गळाची काठी

मित्रांनो, मी गळाची काठी आहे. जुनी आहे आणि स्वस्तातली आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुमचा हिरमोड नको. बोट संथ चालवत मागून गळ ओढत न्यायचा आणि तलावातला मोठा मासा धरायचा, यासाठी माझा जन्म. अंगाने मी फायबरची, जाड आणि थोडी जड. कारखान्यात आम्ही शेकड्याने तयार झालो आणि खोक्यांत भरून निघालो. कोणी कोणाचा निरोपही घेतला नाही.

दुकानात माझ्या शेजारी कार्बनच्या काठ्या होत्या. सडपातळ, चकचकीत आणि नाक कायम वर. दुकानदार त्यांचंच तोंड भरून कौतुक करायचा. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. मग एक दिवस नळ दुरुस्त करणारे एक काका आणि त्यांची बायको, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या काकू, असे दोघं आले. काकांची नजर लगेच चकचकीत काठीवर गेली.

"अहो, शोकेसमध्ये ठेवायची आहे का?" काकू म्हणाल्या. त्यांनी मला उचललं, माझा शेंडा जमिनीला टेकवला आणि जोर लावला. मी पार कमान झाले.

"बाई, मोडेल ना!" दुकानदार ओरडला.

"मोडायचीच असेल तर इथेच मोडू दे. पाण्यात मोडली तर तुम्ही येणार आहात का?"

मी मोडले नाही. मग त्यांनी पिशवीतून कापसाचा बोळा काढला आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ज्यांतून जातो त्या माझ्या एकेका कडीच्या आतून फिरवला. कुठेही कापूस अडकला नाही. "कडीला बारीकशी चीर असली तरी तंगूस तिथेच कापला जातो. बॉबिनला खरखर असली की माझा दोरा तुटतो ना, तसंच," त्यांनी काकांना समजावलं. रीळ बसवायची जागा हलवून पाहिली. ती घट्ट होती. "हीच घ्या. दिसायला काही नाही, पण टिकेल." माझं पहिलं कौतुक झालं, तेही असं! पण मी फुशारून गेले.

काकांनी पाइपाचा तुकडा कापून आपल्या बोटीच्या काठावर माझ्यासाठी खोबण केली. दर सुट्टीला मी तिथे उभी. काका माझ्याजवळ, काकू मागे इंजिनापाशी. हे काम दोघांचं असतं, मित्रांनो. मासा लागला की एकाने काठी धरायची आणि दुसऱ्याने लगेच इंजिन बंद करायचं. नाहीतर बोट पुढे, मासा मागे, आणि मधल्या मधे माझा जीव जातो. काका ओरडायचे, "अगं, थांबव!" काकू थांबवायच्या आणि वर ऐकवायच्या, "ओरडता कशाला? बहिरी नाही मी!" बारा वर्षं हेच चाललं. मिशीवाले मोठमोठे मासे आले. एक तर उभा धरला तेव्हा काकूंच्या कमरेपर्यंत पोहोचला. दुकानातल्या त्या चकचकीत शेजारणींपैकी एक त्याच तलावावर मोडल्याचं कानावर आलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग काकू आजारी पडल्या आणि तीन महिन्यांत गेल्या.

वर्षभर मी शिलाई मशीनच्या वर, खिळ्याला लटकून होते. मशीनवर चादर घातलेली. घरात बोलणं म्हणजे आठवड्यातून एकदा येणारा लेकीचा फोन. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "बरे आहात ना?" "उत्तम!" फोन ठेवला की काका बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसायचे. त्या घरात मलासुद्धा करमेना, तर माणसाला कसं करमेल?

एका सकाळी काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी मला काढलं आणि एकटेच बोट घेऊन निघाले. तासाभरात मासा लागला. असा हिसका मी जन्मात खाल्ला नव्हता. काकांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि सवयीने ओरडले, "अगं, थांबव!"

इंजिन चालूच राहिलं. काकांनी मागे वळून पाहिलं. तंगूस तुटला तरी ते मागेच बघत होते. मासा गेला, याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. मला मात्र रडू आलं, अगदी खरंच.

त्यानंतर बोट पाण्यात गेली नाही. काका आता पुन्हा कधी पाण्यावर जातील का, की असेच त्या फोनसमोर बसून राहतील, हीच मला काळजी लागली. आणि महिन्याभराने त्यांनी मला विकायला काढलं.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला बघायला आला. तो पहाटे पाव भाजतो, दुपारभर मोकळा असतो. "स्वस्तातली, पण टिकाऊ हवी," म्हणाला. मला वाकवून त्याने मान डोलावली. "एकदम ठणठणीत आहे की!"

"नका घेऊ," काका एकदम म्हणाले. "तडा गेलाय."

"कुठे? दिसत नाही."

"आतून आहे."

बारा वर्षं मी नुसता ओरखडाही पडू दिला नाही, आणि हे बघा! पण माझा जीव भांड्यात पडला. त्यांना मला द्यायचंच नव्हतं.

बेकरीवाल्याने विचारलं, "मग तुम्हीच का नाही जात?"

"इंजिनापाशी बसायला कोणी नाही."

"अच्छा," तो म्हणाला. दोघंही दारात क्षणभर घुटमळले. अहो, विचारा ना, कोणीतरी विचारा! मी आतल्या आत ओरडत होते, पण काठीला तोंड कुठे असतं? तो निघून गेला. काकांनी मला परत खिळ्याला लावलं.

मित्रांनो, आम्ही वस्तू शेवटी म्हणतो की आम्हाला जपा. मला नका जपू. कड्या गंजल्या तर गंजू देत. पण तुमच्या गल्लीत, "बरे आहात ना?" असं कोणी विचारलं की "उत्तम!" म्हणणारे असे एखादे काका असतील, तर ते स्वतःहून कधीच काही मागणार नाहीत. तेव्हा तुम्हीच त्यांचं दार वाजवा. मासे धरता येत नसले तरी चालेल. नुसतं विचारा, "काका, इंजिन थांबवायला मी येऊ का?"