कला शाखेच्या पेटीची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, आज मी भयंकर चिडलेली आहे.

कॉलेजच्या प्रवेशखिडकीशेजारी आम्ही तिघी बहिणी ओळीने उभ्या आहोत: विज्ञान, वाणिज्य आणि मी, कला. एका सुताराने मोडक्या बाकांच्या फळ्यांतून आम्हाला घडवलं. फॉर्म ऑनलाइन भरला तरी सहीची प्रत आपापल्या शाखेच्या पेटीत टाकायची आणि मोजणी त्याच कागदांची करायची, ही इथली पद्धत. पूर्वी माझं झाकण लागायचं नाही, इतके कागद यायचे. शिपाईमामा ते तळहाताने दाबून बसवायचे आणि म्हणायचे, "हिचं पोट काही भरत नाही!" मला काय अभिमान वाटायचा!

मग दिवस फिरले. "कला घेऊन पुढे करणार काय?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. विचारणारे काका, मामा, शेजारी. ज्याने उत्तर द्यायचं त्याला कोणी तोंड उघडू देईल तर शपथ! माझ्यातले कागद घटले, तसं खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी माझं झाकण काढलं आणि माझ्यात आपला जेवणाचा डबा ठेवायला लागले. पाठोपाठ छत्री आली, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आले. "रिकामीच तर असते," म्हणे! अहो, रिकामी नव्हते हो मी. कमी भरत होते, एवढंच.

यंदा प्राचार्यांनी सूचना लावली: इतिहासाला वीस मुलं झाली नाहीत, तर वर्ग बंद. शेवटच्या दिवशी दुपारी एक मुलगी आली, मागोमाग तिचे बाबा.

"अजून विचार कर. कॉम्प्युटरला जागा आहे."

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना, वर्ग सुरू झाला तर घे."

"बरं बाई, टाक."

तिने फॉर्म दोन्ही हातांनी माझ्यात सोडला. तो गठ्ठ्याच्या कडेने घसरला आणि थेट तळाशी गेला.

संध्याकाळी भाऊसाहेबांनी वरचे कागद उचलून त्यातले इतिहासाचे मोजले. एकोणीस.

इतिहासाच्या बाई धावत आल्या. "पुन्हा एकदा बघा ना, भाऊसाहेब."

"दोनदा मोजले, बाई. आणि या पेटीकडे हल्ली येतंय कोण?"

मी आतल्या आत तडफडत होते. तळाशी आहे, अहो, तळाशी! पण मला वाचा कुठली! असा संताप आला की वाटलं, आत्ता फुटून जावं, म्हणजे तरी सगळं बाहेर पडेल.

दुसऱ्या दिवशी वर्ग बंद झाल्याचा कागद लागला. मुलगी खिडकीशी आली. "मी स्वतःच्या हाताने टाकला होता!"

"यादीत नाही म्हणजे आलाच नाही," भाऊसाहेबांनी मानसुद्धा वर केली नाही.

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे, बाळा. चल, तिकडची रांग वाढतेय." ती गेली.

दोन महिन्यांनी गठ्ठे रद्दीत द्यायला काढले. बाई जुन्या प्रश्नपत्रिका शोधायला आल्या होत्या, त्यांच्याच हाती तो फॉर्म लागला. 'हा विषय का निवडला?' या प्रश्नाखाली दोनच ओळींची जागा. तिने समासातही लिहिलं होतं. बाईंनी मोठ्याने वाचलं: "आमच्या घरासमोरचा रस्ता चार वेळा खणला. का खणला, ते कोणालाच आठवत नाही. मला हे सगळं विचारून लिहून ठेवायचं आहे."

बाईंनी फॉर्म खिडकीवर ठेवला. मग म्हणाल्या, "वीस झाले होते, भाऊसाहेब." भाऊसाहेबांनी माझ्यातला आपला डबा उचलला.

मित्रांनो, 'इकडे कोणी येतच नाही' असं म्हणायच्या आधी तळापर्यंत हात घालून बघत जा. आणि माझं एक काम करा. ती मुलगी आता कॉम्प्युटरच्या वर्गात आहे. रोज माझ्यासमोरून जाते, पण इकडे बघत नाही. तुमच्यापैकी कोणी ओळखत असेल, तर तिला एवढं सांगा, की तिचा फॉर्म आला होता.