एल्सी बोलू लागली तो दिवस

मी एक होडी बोलतेय. लांबी सोळा फूट, वय एकेचाळीस. रंगाचे इतके थर चढलेत की वजन आता विचारू नका.

माझा जन्म कॅनडात, उत्तर ओंटारियोतल्या एका क्री आदिवासी वस्तीत, ॲम्ब्रोजच्या घरामागे झाला. त्याने सीडरच्या लाकडाच्या पट्ट्या वाफेवर मऊ केल्या, साच्यावर वाकवल्या आणि माझ्या बरगड्या घडवल्या. वरून कॅनव्हास ताणून बसवला. त्याची मुलगी फिलोमीन तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बारीक खिळे ओठांत धरून ती बापाला एकेक काढून द्यायची. ॲम्ब्रोज गेल्यावर मी तिची झाले.

आणि तिच्याबरोबर एल्सीचीही. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. दर उन्हाळ्यात दोघी नदीच्या वरच्या अंगाला, मासे धुरावर सुकवण्याच्या तळावर जायच्या आणि नदीनेच परत यायच्या. फिलोमीन मागे बसायची, एल्सी पुढे. पुढचीने जोर लावायचा, समोरचा खडक चुकवायचा. वाट मात्र मागचीने ठरवायची. शहाण्या माणसाला न विचारता काही सांगायला जाणं आमच्याकडे अपमानाचं समजतात. एल्सी तीस वर्षं माझ्या पुढच्या बैठकीवर बसली, पण 'इकडे वळव' असं एकदाही म्हणाली नाही.

माणसांना वल्ही मारताना मी खूप पाहिलं आहे. रागावलेला माणूस पाणी उडवतो. घाबरलेला माणूस माझ्या कडा धरतो. या दोघींचं वल्हं पाण्यात शिरायचं तेव्हा आवाजही व्हायचा नाही.

गेली दोन वर्षं मला जाणवत होतं, की फिलोमीन मला काठावर लावताना चाचपडते. तिचा एक डोळा लहानपणीच गेला होता. दुसऱ्यावर मोतीबिंदू चढत होता. शहरातल्या इस्पितळाने चौदा महिने थांबवून शस्त्रक्रियेची तारीख दिली. ती चुकली तर पुन्हा वर्षभर थांबायचं, आणि तोवर तो डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

फिलोमीनची मुलगी म्हणाली, छोटं विमान तळ्यावर उतरवून तुला घेऊन जाऊ. फिलोमीन म्हणाली, "या डोळ्याने एकदा नदी बघून घेते. पुढचं पुढे."

नदीने सहा दिवस. सहाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता रेल्वेपुलाजवळ उभं राहून हात केला, की गाडी थांबते. ती आठवड्यातून तीनदाच जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया. हिशोब बरोबर होता. पण वाटेतल्या मोठ्या सरोवरावर वाऱ्याने आम्हाला पूर्ण एक दिवस बेटावर डांबून ठेवलं. मग दोन दिवसांची वाट शेवटच्या एका दिवसात कापायची ठरली.

त्या दिवशी उजाडताच निघालो. दोघींनी बॅनकच्या रोटीचा एकेक जाड तुकडा आणि थंड चहा घेतला. काळ्या माश्या मानेला चावत होत्या, पण कोणी हात उचलून त्या मारल्या नाहीत. वल्ही थांबली असती.

दुपारी नदीला दोन फाटे फुटतात तिथे आलो. उजव्या फाट्याच्या तोंडाशी एक वाळका पाइन वृक्ष वाकून उभा आहे. तीच वाटेची खूण. फिलोमीनने मला डावीकडे वळवलं.

एल्सीचं वल्हं क्षणभर हवेत थांबलं. मला वाटलं, आता ती बोलेल. पण ती वल्ही मारत राहिली.

मैलभर गेल्यावर पाणी उथळ झालं, मग खळाळ लागला. एल्सीने एक खडक चुकवला. दुसरा पाण्याखाली होता. माझ्या पोटाखाली कॅनव्हास टर्रकन फाटला. दोघी गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि मला ओढत काठावर घेऊन आल्या.

फिलोमीनने काठाकडे चेहरा अगदी जवळ नेऊन पाहिलं. "हा डावा फाटा आहे."

"हो."

"तुला तो पाइन दिसला होता?"

"दिसला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," एल्सी म्हणाली. "मला वाटलं, तुला या बाजूची काही नवी वाट माहीत असेल."

"नवी वाट? मला माझ्या चहातली माशी दिसत नाही, बाई."

"ती मला सकाळी दिसली होती."

"तेही नाही सांगितलंस."

"तोवर तू गिळली होतीस."

फिलोमीन हसता हसता वाळूत बसली. मग हसणं थांबलं. "मला पाइन नाही दिसला, एल्सी. पाणीच कसंबसं दिसतंय. आवाजावर चालवतेय. तुला सांगायची लाज वाटली."

एल्सीने चूल पेटवली, स्प्रूसच्या खोडावरचा डिंक खरवडून आणला, चरबीत वितळवला. फिलोमीनने बोटांनी माझी जखम चाचपली, आपल्या डोक्याच्या रुमालाचा चौकोन फाडून तिच्यावर लावला आणि वर गरम डिंक चोपडला. त्या कामाला तिला डोळे लागले नाहीत. तिच्या बोटांना माझी एकेक बरगडी पाठ आहे.

मला पुन्हा पाण्यात लोटताना एल्सीने विचारलं, "मागे मी बसू?"

"नको. वळवणं माझ्या हातात आहे, ते तुला नाही जमायचं. तू फक्त बोल. दिसेल ते सगळं बोल."

प्रवाहाविरुद्ध फाट्यापर्यंत परत जायचं होतं. दोघींनी दात आवळले. माझ्या बरगड्या करकरल्या, मीही अंग चोरलं नाही. आणि एल्सी जी बोलू लागली, ती थांबेचना.

"डावीकडे खडक. अजून डावीकडे. सरळ. उजवीकडे बदक."

"बदकाचं काय करू?"

"काही नाही. तू म्हणालीस, सगळं बोल."

वाळक्या पाइनला वळसा घालून आम्ही उजव्या फाट्याला लागलो, तेव्हा सूर्य कलला होता. शेवटच्या मोठ्या खळाळाशी पोहोचलो. तिथून होडी चालत नाही. खांद्यावर घेऊन दीड मैल रानवाटेने जायचं, पलीकडे रेल्वेपूल. माझ्यासकट जायला तास लागतो. एल्सीने घड्याळ पाहिलं. "गाडीला पस्तीस मिनिटं."

फिलोमीनने तरी मला उचलायला हात घातला. तिने आयुष्यात कधी होडी वाटेत सोडली नव्हती.

"ठेव तिला," एल्सी म्हणाली.

"तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. तरी सांगतेय. ठेव."

फिलोमीनचा हात माझ्या कडेवर तसाच राहिला. मला बोलता आलं असतं, तर मीही तेच सांगितलं असतं. मग तिने हात काढला. दोघींनी मला दोन ओंडक्यांवर पालथी घातली. वल्ही, तंबू, भांडी, पांघरुणं, सगळं माझ्याखाली सरकवलं. ओझं वाहायचा कपाळपट्टा एल्सीने आपल्या कमरेला बांधला आणि त्याचं दुसरं टोक फिलोमीनच्या हातात दिलं. "मूळ आहे, पाय उचल. आता चिखल. आता पुन्हा मूळ." तिचा आवाज झाडांत लांब लांब जात राहिला.

मी कान देऊन पडले होते. शिट्टी ऐकू आली. मग पुलावरची धडधड. ती मंदावली की नाही, खळाळाच्या आवाजात मला कळेना. थोड्या वेळाने गाडी दूर गेली.

गाडी चुकली असती, तर दोघींना माझ्याकडेच यावं लागलं असतं. तंबू माझ्याखाली होता, पांघरुणं माझ्याखाली होती. अंधार पडेपर्यंत मी पावलांची वाट पाहिली. वाट पाहिली, आणि मनात म्हणत राहिले, येऊ नका, येऊ नका.

कोणी आलं नाही.

आता बर्चची पानं पिवळी झालीत. लवकरच या वाटेने मूस हरणांच्या शिकारीला माणसं येतील. बाबांनो, मी पालथी दिसले, अंगावर रुमालाचं ठिगळ दिसलं, तर मला बेवारशी समजून उचलू नका. मला इथे विचार करून ठेवलं आहे.

आणि आमच्या वस्तीत गेलात, तर फिलोमीनला एवढं सांगा, की तंबू कोरडा आहे.